पूसकाठचा मुख्यमंत्री

१९७७ च्या मार्च महिन्यात झालेल्या लोकसभा निवडणुकीत, ज्या पक्षाने स्वातंत्र्यापासून देशाचा कारभार अखंड चालविला होता त्याचा उत्तर हिंदुस्थानात जवळजवळ निःपात झाला, खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या, आणि काँग्रेसचा अभेद्य बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या महाराष्ट्रातही ४८ पैकी अवघ्या २० जागा त्या पक्षाच्या हाती राहिल्या. त्या पडझडीत जे मतदारसंघ काँग्रेसच्या पाठीशी उभे राहिले, त्यांत वऱ्हाडातील वाशिम हा एक होता. तेथून निवडून आलेले वसंतराव फुलसिंग नाईक हे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषवून दोन वर्षांपूर्वी पायउतार झाले होते; तत्पूर्वी पंचवीस वर्षे पुसदच्या मतदारांनी त्यांना विधिमंडळावर सतत पाठविले होते. संसदेत जाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि तीच अखेरची ठरली.

पुसदचा माणूस वाशिमला परका नव्हता. इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि वाशिम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तीन तालुके होते. १९०५ च्या फेरबदलात तो जिल्हा मोडला. वाशिम व मंगरूळ अकोल्याच्या दफ्तरात गेले आणि पुसद यवतमाळच्या. परंतु महसुली नकाशावरची रेषा बदलली म्हणून माणसांचे आणि पाण्याचे मार्ग बदलत नाहीत. पूस नदी वाशिम तालुक्यात काटा गावाजवळ उगम पावते आणि पुसदला आपले पाणी देऊन पुढे पैनगंगेला मिळते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असल्यामुळे रामनवमीच्या यात्रेला पुसद, दिग्रस, दारव्हा येथपासून ते थेट तेलंगण, कर्नाटकापर्यंतचे बंजारा बांधव तेथे लोटतात. ज्या समाजाची काशी वाशिमच्या भूमीत, त्याच समाजाच्या एका तांड्यावर नाईकांचा जन्म झाला होता.

नाईकांच्या कारकिर्दीचे मर्म माझ्या मते असे आहे. पावसावर जगणाऱ्या कास्तकाराच्या ताटात भाकर आणि हाताला काम असावे, ही राज्याची बांधिलकी आहे, हे तत्त्व भाषणांतून पुष्कळांनी सांगितले होते. नाईकांनी ते कायद्यात, अंदाजपत्रकात आणि तालुक्याच्या कचेरीत आणून बसविले. आणि त्याच वेळी, ज्या कोरडवाहू मातीने त्यांना घडविले तिला पाणी देण्याचे काम त्यांच्या हातून अपुरे राहिले. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच या पुरुषाचे मोजमाप केले पाहिजे.

बंजाऱ्यांचा इतिहास हा दळणवळणाचा इतिहास आहे. आगगाडी येण्यापूर्वी मीठ, धान्य आणि कापूस यांची वाहतूक करणारे हजारो बैलांचे तांडे दक्षिणेतून उत्तरेपर्यंत फिरत; मोगलांच्या व मराठ्यांच्या फौजांना रसद पोहोचविण्याचे काम याच लमाणांनी केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग झाले, पक्क्या सडका झाल्या, आणि पिढ्यान्पिढ्यांचा हा व्यवसाय एकदोन दशकांतच बुडाला. जे लोक काल व्यापारी होते त्यांच्याकडे नवे सरकार संशयाने पाहू लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत देशातील कितीतरी भटक्या समाजांवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे तो याच इतिहासामुळे. वऱ्हाडात मात्र पडीत जमिनी लागवडीखाली आणण्याचे सरकारी धोरण असल्याने, डोंगरउतारावरच्या माळरानांत अनेक तांडे स्थिरावले आणि बैल हाकणारे हात नांगराच्या रुमण्यावर आले.

पुसदजवळचे गहुली हे अशाच वसाहतींपैकी एक होय. नाईकांचे आजोबा चतुरसिंग यांनी ते वसविले असे मानले जाते, आणि तांड्याचे नायकपण त्यांच्याकडून पुत्र फुलसिंग यांच्याकडे आले. नायक हा तांड्याचा केवळ मानकरी नसे. दोन घरांत वाद उद्भवला म्हणजे कारभारी आणि हसाबी-नसाबी या तांड्याच्या पंचांना घेऊन तो झाडाखाली बसे, दोन्ही बाजूंचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घेई, आणि निवाडा असा देई की हरणाऱ्यालाही उद्या त्याच तांड्यावर राहता यावे. पुढे मंत्रिमंडळाच्या बैठकीत नाईकांचे जे शांत, दीर्घश्रवी धोरण दिसे, आणि ज्याला त्यांचे प्रतिस्पर्धी कधी ढिलाई म्हणत, त्याचे मूळ मला या बैठकीत दिसते.

१ जुलै १९१३ रोजी, म्हणजे मृगाच्या पेरण्या आटोपून शेतकरी आर्द्रांच्या पावसाची वाट पाहत असतात त्या दिवसांत, फुलसिंग व होनूबाई यांच्या पोटी हे मूल जन्मास आले. घरात त्याला हाजूसिंग म्हणत आणि थोरल्या भावाला राजूसिंग. गहुलीत शाळा नव्हती. तेव्हा आसपासच्या गावांतील शाळांतून प्रारंभीचे शिक्षण घेऊन हा मुलगा पुढे नागपूरला गेला, मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाला आणि १९४० मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाला. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या, तांड्याच्या कुडाच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याने ही मजल मारणे हे त्या काळी किती दुर्घट होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या घाटे घराण्यातील वत्सलाबाईंशी विवाह केला. ब्राह्मण कन्या आणि बंजारा युवक यांचा हा आंतरजातीय विवाह दोन्हीकडच्या समाजाला मानवणारा नव्हता. परंतु त्या रोषाला तोंड देऊन दोघांनी आयुष्यभर एकमेकांना साथ दिली.

वकिलीचे प्राथमिक धडे त्यांनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या सान्निध्यात घेतले. पंजाबरावांचा पिंड शेतकऱ्याच्या कैवाराचा होता. पुढे तेच नेहरूंच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री झाले. तेथून पुसदला येऊन नाईकांनी वकिली सुरू केली. त्या काळच्या वऱ्हाडातील तालुक्याच्या कोर्टाचे काम म्हणजे बव्हंशी जमिनीचे आणि कर्जाचे काम असे : गहाणखते, मुदत खरेद्या, सावकाराच्या दाव्यातील डिक्री, जप्तीचे वॉरंट, पटवाऱ्याच्या नोंदीतील फेरफार. अंगठा कशावर उमटविला हे ठाऊक नसलेला अशील आणि कायद्याच्या प्रत्येक कलमाची वाट ठाऊक असलेला वादी यांच्यामध्ये उभे राहण्याची ही रोजची तालीम होती. महसूल खात्याचे दफ्तर नाईकांनी मंत्री म्हणून वरून पाहिले ते नंतर. आधी ते त्यांनी खालून, कास्तकाराच्या बाजूने, पानन् पान वाचले होते.

पुसदच्या कृषी मंडळाचे अध्यक्षपद, १९४६ पासून नगरपालिकेचे अध्यक्षपद, आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पुसदमधून मध्य प्रदेश विधानसभेत प्रवेश, अशा पायऱ्यांनी त्यांचा मार्ग वर गेला. नागपूर ही तेव्हा त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. त्यांच्या मंत्रिमंडळात नाईक महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात नाईकांकडे प्रथम सहकार व नंतर कृषी ही खाती आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा ते महसूलमंत्री होते. शेतजमिनीच्या कमाल धारणेवर मर्यादा घालणारा १९६१ चा अधिनियम त्यांच्याच खात्याचा. त्या कायद्यातून पळवाटा काढणारे पुष्कळ निघाले आणि अतिरिक्त ठरलेल्या जमिनीचे वाटप अपेक्षेहून पुष्कळच कमी झाले, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

त्यांच्या हातून घडलेले सर्वांत टिकाऊ काम याच काळातील आहे. जून १९६० मध्ये राज्य सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद नाईकांकडे दिले. मार्च १९६१ मध्ये समितीने २२६ शिफारशींचा अहवाल सादर केला. त्यापूर्वी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने गटपातळीवरच्या पंचायत समितीला मुख्य आधार मानले होते. नाईक समितीने विचारपूर्वक निराळा कौल दिला आणि जिल्हा हा घटक बळकट असावा, असे सांगितले. या निष्कर्षामागे वैदर्भीय अनुभव नसेल असे म्हणवत नाही, कारण मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ पासून तहसील हा घटक धरून जनपद सभांचा प्रयोग झाला होता, आणि लहान घटकाला पैसा व तज्ज्ञ मनुष्यबळ पुरत नाही ही गोष्ट नाईकांनी डोळ्यांनी पाहिली होती. आमदार-खासदारांनी जिल्हा परिषदेचे सभासद होऊ नये, ही समितीची शिफारस तर विशेषच दूरदर्शी होती. नव्या ग्रामीण नेतृत्वाला वाढावयाचे असेल तर त्याच्या डोक्यावर जुन्या वृक्षांची सावली असता कामा नये, हा तिचा आशय.

१ मे १९६२ रोजी २५ जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते, लहान तलाव, पशुवैद्यकीय सेवा हा सगळा पसारा कलेक्टरच्या कचेरीतून निघून लोकनियुक्त अध्यक्ष व सभापतींच्या हाती आला. वाशिमसारख्या आडबाजूच्या मुलखात याचा अर्थ काय झाला ते गावात राहिलेल्यालाच समजेल. ज्या शेतकऱ्याला आपल्या गावच्या शाळेला दुसरा मास्तर मागण्यासाठी पूर्वी साहेबाच्या चपराशाला नमस्कार घालावा लागे, तो आता आपल्याच गटातून निवडून दिलेल्या सभासदाच्या ओट्यावर जाऊन हक्काने बसू लागला. पुढील अर्धशतकात महाराष्ट्राच्या राजकारणात जे ग्रामीण पुढारी वर आले, त्यांतील बहुतेकांनी सार्वजनिक कारभाराची धुळाक्षरे जिल्हा परिषदेतच गिरविली.

१९६२ च्या नोव्हेंबरात चिनी आक्रमणाच्या प्रसंगी यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार एका वर्षातच दिवंगत झाले, आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईकांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मराठा नेतृत्वाचा वरचष्मा असलेल्या राज्यात, संख्येने अल्प आणि विखुरलेल्या समाजाचा, विदर्भाच्या एका कोपऱ्यातून आलेला हा मनुष्य फार काळ टिकेल असे फार थोड्यांना वाटले असेल. तो टिकला, १९६७ मध्ये २७० पैकी २०३ आणि १९७२ मध्ये २२२ जागा जिंकून टिकला. मलबार हिलवरील ज्या बंगल्यात ते मंत्री म्हणून राहत होते आणि ज्याला ‘वर्षा’ हे नाव त्यांच्याच वास्तव्यात मिळाले, तोच बंगला त्यांनी मुख्यमंत्री झाल्यावरही सोडला नाही. म्हणून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाला आजही पावसाचे नाव आहे. उंची सूट आणि हातातील पाइप यांमुळे वरकरणी ते साहेबी थाटाचे वाटत. परंतु शेतकऱ्यांशी बोलणे निघाले म्हणजे ते बियाण्यावर, खतावर आणि पाभरीच्या फणावर येऊन थांबे.

त्यांच्यापुढे पहिले संकट आले ते धान्याचे. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या वर्षांत पावसाने देशभर दगा दिला. पाकिस्तानशी युद्ध झाले, आणि अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर व मिलोवर आपली शिधावाटप दुकाने चालू लागली. परक्याच्या जहाजाकडे डोळे लावून बसण्याची ही नामुष्की नाईकांना सहन होईना. पुण्याच्या शनिवारवाड्यावरील सभेत त्यांनी, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फासावर द्यावे, अशा आशयाचे उद्गार काढले ते या तळमळीतून. ते उद्दिष्ट दोन वर्षांत पुरे झाले असे म्हणता येत नाही. अवर्षणप्रवण राज्यात ते तसे पुरे होणे शक्यही नव्हते. परंतु त्या उद्गाराने सरकारी यंत्रणेला जी गती दिली ती खरी होती.

त्या गतीचे मुख्य वाहन होते संकरित ज्वारी. १९६४ मध्ये प्रसारित झालेला सीएसएच-१ हा देशातील ज्वारीचा पहिला संकरित वाण. नाईकांनी तो विस्तार अधिकारी व ग्रामसेवक यांच्यामार्फत गावोगाव नेला. वऱ्हाडातील कास्तकाराच्या तोंडी तो ‘हायब्रीड’ या एकाच नावाने रुळला. ताट बुटके, कणीस भरगच्च, आणि सुमारे शंभर दिवसांत पीक हातात. गावरान ज्वारीच्या मानाने उत्पन्न कितीतरी अधिक. परंतु पीक लवकर तयार होत असल्याने परतीच्या पावसात कणीस सापडे, दाणा काळा पडे, आणि अशा ज्वारीची भाकर कडवट लागे. कडबाही आखूड निघे, त्यामुळे बैलजोडी असलेला शेतकरी कुरकुर करी. तरीसुद्धा लोकांनी हायब्रीड पेरले, कारण काळ्या दाण्याची भाकर ही रिकाम्या ताटापेक्षा बरी, एवढा हिशेब प्रत्येक घरच्या मालकिणीला येत होता. या प्रयत्नाला शास्त्राचे अधिष्ठान असावे म्हणून राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे उभी राहिली ती १९६८ ते १९७२ या चार वर्षांत. त्यांपैकी १९६९ चे अकोल्याचे विद्यापीठ नाईकांच्या वकिलीतील गुरूंच्या, पंजाबरावांच्या, नावाने निघाले.

मग १९७२ आले. त्याआधीची दोन वर्षेही अपुऱ्या पावसाचीच गेली होती. त्या वर्षी तर मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्राचा पूर्वभाग आणि विदर्भाचा बराचसा मुलूख अक्षरशः होरपळून निघाला. जनावरे कवडीमोलाने विकली गेली, विहिरी तळाला गेल्या, आणि गावेच्या गावे सडकेच्या कडेला खडी फोडावयास बसली. वयस्क माणसांना तो काळ विचारला तर त्यांना आकडे आठवत नाहीत. त्यांना हजेरीपटावर नाव पुकारणारा मुकादम, बोटाला चिंध्या गुंडाळून हातोडी चालविणाऱ्या बाया, ब्रासाच्या मापाने मोजले जाणारे खडीचे ढीग, आठवड्याच्या पगाराची वाट, आणि मुलांच्या ओंजळीत पडणारी सुकडी आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. इंग्रजी अमदानीतील १८७६ किंवा १८९९ च्या दुष्काळांत प्रेतांच्या राशी पडल्या होत्या. १९७२ मध्ये तसे झाले नाही. लोकांनी हाल सोसले, कुपोषणाने व रोगराईने बळीही घेतले असतील, परंतु एवढ्या मोठ्या अवर्षणात राज्याने आपली माणसे सामुदायिक भूकबळीपासून वाचविली, ही गोष्ट जगातील अर्थशास्त्रज्ञांनी पुढे आवर्जून अभ्यासिली.

याच धामधुमीतून रोजगार हमीची कल्पना राज्यव्यापी झाली. तिचे श्रेय एकट्या नाईकांचे नव्हे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रथम प्रयोग केला, विरोधी पक्षांनी व श्रमिकांच्या संघटनांनी तिच्यासाठी रस्त्यावर येऊन आग्रह धरला, आणि तिचा कायदा झाला तो नाईक सत्तेवरून गेल्यावर, १९७७ मध्ये. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. परंतु मागेल त्याला काम, हे वचन तिजोरीच्या जिवावर स्वीकारण्याचे धैर्य मुख्यमंत्र्याने दाखविले नसते तर पाग्यांची कल्पना एका तालुक्याचा प्रयोग म्हणूनच राहिली असती. २००५ मध्ये साऱ्या देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याचा आदर्श महाराष्ट्रातला होता.

वाशिम-यवतमाळच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न मात्र कापसाचा. काळ्या जमिनीतील या पांढऱ्या पिकाने वऱ्हाडाला एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांशी जोडले, मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ अशी अरुंद रुळांची आगगाडी आणविली, जिनिंगच्या चिमण्या उभ्या केल्या. परंतु पिकविणाऱ्याच्या घरी मात्र दिवाळीला कर्ज काढण्याची वेळ आणली. हंगामात सगळ्यांचा माल एकदम बाजारात येई, भाव कोसळे, आणि अडत्याच्या रुमालाखाली झालेला सौदा मान्य करण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नसे. यावर उपाय म्हणून १९७१ चा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्यातील सर्व कापूस सहकारी पणन महासंघाने हमी भावाने घ्यावा, सरकी काढून गाठी विकाव्या, आणि नफा उरल्यास तो शेतकऱ्यालाच द्यावा, अशी ती योजना होती.

खरेदी केंद्रापुढे लागलेल्या बंड्यांच्या रांगा हे पुढील अनेक वर्षांचे वऱ्हाडी दृश्य होय. पऱ्हाटीतून वेचलेला कापूस बंडीत रचून, त्यावर ताडपत्री ओढून, रात्र रात्र थंडीत बैलांपाशी निजणारा कास्तकार सकाळी ग्रेडरसमोर उभा राही. त्याने मूठभर कापूस उचलून, ओढून, धाग्याची लांबी व ओल पाहून प्रत ठरविली की काटा होई आणि हाती पावती पडे. मग चुकाऱ्याची प्रतीक्षा. चुकारा कधी लांबे, प्रतवारीत लबाडी होई, शेजारच्या राज्यात भाव चढला की चोरट्या मार्गाने माल तिकडे जाई, आणि तोटा वाढत जाऊन अखेर ही व्यवस्था २००० नंतर कोलमडली. परंतु तिचे मूळ तत्त्व, म्हणजे पेरणाऱ्याला निदान भाव आधी माहीत असावा हे, चुकीचे होते असे आजही कोणी म्हणू शकणार नाही. योजना मोडली, पण तिच्या जागी तितके मोठे काही उभे राहिले नाही, हे वाशिम जिल्ह्याने नंतरच्या काळात फार मोठी किंमत देऊन अनुभवले.

आता उण्या बाजूचा विचार. नाईकांच्या अकरा वर्षांत कोयना-जायकवाडीसारख्या मोठ्या प्रकल्पांची कामे पुढे गेली, पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांचे जाळे दाट झाले, आणि पुसदजवळ पूस नदीवर धरणही झाले. परंतु विदर्भाच्या कोरडवाहू पट्ट्यातील सिंचनाचे क्षेत्र त्या मानाने फार मागे राहिले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाची मोजदाद केली तेव्हा ही तफावत कागदावर स्पष्ट उमटली. पूस, अडाण, अरुणावती या नद्या वाशिमच्या पठारावर उगम पावतात, आणि पैनगंगा त्याच्या कडेने वाहते. पण उगमाच्या मुलखाला पाणी अडवावयास जागा थोडी आणि त्या पाण्यासाठी भांडणारा आवाज त्याहून थोडा. विदर्भाचा मुख्यमंत्री इतका दीर्घकाळ सत्तेवर असताना विदर्भाचा अनुशेष वाढला, हा आक्षेप नाईकांच्या चाहत्यांना टाळता येण्याजोगा नाही. राज्याच्या सर्व भागांना सांभाळून घेण्याचा जो तांड्याच्या निवाड्याचा गुण त्यांना सत्तेवर टिकवून गेला, त्यानेच त्यांना स्वतःच्या प्रदेशासाठी हट्ट धरू दिला नाही, असे मला वाटते.

२० फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. एवढ्या दीर्घ सत्तेनंतर पायउतार झालेल्या नाईकांनी पक्षात बंडाचे निशाण उभारले नाही. दोन वर्षांनी वाशिमने त्यांना लोकसभेत पाठविले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच दिवसांनी ती लोकसभाही विसर्जित झाली. १९८० मध्ये त्याच वाशिमने जम्मू-काश्मीरच्या गुलाम नबी आझादांना संसदेत निवडून दिले, १९९८ मध्ये नाईकांचे पुतणे आणि स्वतः मुख्यमंत्रिपद भूषविलेले सुधाकरराव नाईक तेथून निवडून आले, आणि २००८ च्या पुनर्रचनेत वाशिम हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ उरला नाही. वाशिम आणि पुसद हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ आज यवतमाळ-वाशिम या लोकसभा मतदारसंघात आहेत.

नाईकांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्र कृषिदिन म्हणून साजरा करतो. १९९८ मध्ये याच तारखेला अकोल्यातून वेगळा होऊन सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा पुनश्च अस्तित्वात आला. २००६ मध्ये याच तारखेला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, आणि त्या सहांत वाशिम होता. २०१८ मध्ये केंद्राने देशातील मागास जिल्ह्यांची निवड केली त्यातही महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत वाशिमचे नाव आले. म्हणून कृषिदिनी त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला माझी विनंती आहे की, त्याने त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या सभागृहात दोनच प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षात या जिल्ह्यातील किती शेतांना नवे पाणी मिळाले, आणि ज्या मजुराने काम मागितले त्याला ते किती दिवसांत दिले गेले? ज्या पुरुषाने जिल्हा परिषद उभी करून हे प्रश्न विचारण्याची जागा निर्माण केली, त्याचे स्मरण या प्रश्नांनीच खऱ्या अर्थाने होईल.